पाणी किती, वय किती, मळी किती: व्हिस्कीविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात व्हिस्कीच्या वासांवर लिहिलं, त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. मी रसायनशास्त्राची. नाशिककडच्या एका मद्यनिर्मिती कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने हुंगण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे उत्तरंही नाकाच्या बाजूनंच येतील.

प्रश्न: ताई, माझा भाचा एडिंबरोहून सिंगल माल्ट घेऊन आला. मी सवयीनं त्यात पाणी ओतलं, तर म्हणाला, "मामा, वाटोळं केलंत!" खरंच पाणी घालायचं नसतं का? (एक वाचक, कोल्हापूर)

घाला, आणि संकोच न करता घाला, सिंगल माल्ट (एकाच कारखान्यात, नुसत्या मोड आणलेल्या सातूपासून केलेली व्हिस्की) असली तरी. आमच्या टेबलावर येणारा प्रत्येक नमुना वीस टक्क्यांच्या आसपास पातळ केलेलाच असायचा. स्कॉटलंडमधले ब्लेंडरही (वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून चव जुळवणारे) वास घेताना तेच करतात. चाळीस टक्क्यांचा मद्यार्क नाकाला चटका देतो आणि मागचे नाजूक वास झाकून टाकतो. पाणी घातलं की ते मोकळे होतात: पिकलेल्या फळाचा गोडवा, ओकच्या लाकडातून उतरलेला व्हॅनिला, मोड आणून वाळवलेल्या सातूचा, म्हणजे माल्टचा, खमंगपणा. दोष असला तर तोही तिथेच सापडतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास मी कधी बिनपाण्याच्या व्हिस्कीत पकडलेला नाही. तो पकडला पाणी घातल्यावरच.

आता हिशेब करा. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं. 30 मिलिलिटरच्या स्मॉलमध्ये तेवढंच पाणी घातलं की 21.4 टक्के होतात. म्हणजे 'अर्धं पाणी' म्हणणारी आपली वडीलधारी मंडळी नेमकी प्रयोगशाळेच्या मापानं पीत आली. स्वीडनमधल्या लिनियस विद्यापीठाच्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी 2017 मध्ये संगणकावर या मिश्रणांची प्रतिकृती करून पाहिली. धुरकट वास देणारा ग्वायाकॉल हा रेणू 59 टक्क्यांच्या वरच्या मद्यार्कात आत दबून राहतो आणि 45 टक्क्यांपर्यंत खाली आलं की पृष्ठभागाशी येतो, म्हणजे नाकाच्या जवळ येतो. पिंपातून काढून तशीच बाटलीत भरलेली, साठ टक्क्यांच्या घरातली व्हिस्की कोरी पिणं म्हणूनच मला पटत नाही. भाच्याला सांगा, आधी एक घोट कोरा घ्यावा, मग चमचा-चमचा पाणी घालत जावं आणि दर वेळी वास घ्यावा.

पाणी कोणतं, हे मात्र महत्त्वाचं. नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास असेल तर ते उकळून गार करा. माठाचं पाणी प्यायला मला फार आवडतं, पण व्हिस्कीत नको, मातीचा वास लगेच वर येतो. माठात वाळा टाकलेला असेल तर मग तुम्ही वाळ्याचं सरबतच पीत आहात. बोअरचं जड पाणीही टाळा. पाणी घातल्यावर एखादी महागडी व्हिस्की गढूळ दिसू लागली तर घाबरू नका. गार करून गाळलेली नसली की तिच्यातले तेलकट घटक असे दिसतात, चवीला त्याचा उपद्रव नाही. बर्फानं वास मिटतो. उन्हाळ्यात ज्याला हवा त्यानं घ्यावा, पण चांगल्या माल्टमध्ये मी घालत नाही.

प्रश्न: माझा मित्र म्हणतो की मी रोज संध्याकाळी घेतो ती व्हिस्की नाहीच, मळीची दारू आहे. मला वाईट वाटलं. खरं काय? (एक वाचक, सोलापूर)

ब्रँड तुम्ही लिहिला नाहीत, त्यामुळे तुमच्या बाटलीबद्दल सांगता येणार नाही. पण मित्राच्या बोलण्यात तथ्य आहे. व्हिस्की धान्याची, हा युरोपचा नियम आहे. मळीच्या मद्यार्कापासून केलेली बाटली तिथे व्हिस्की म्हणून विकता येत नाही. आपल्याकडे उसाच्या मळीपासून काढलेला, जवळजवळ 96 टक्क्यांपर्यंत शुद्ध केलेला मद्यार्क घेतात (कारखान्यात त्याला ईएनए म्हणतात), त्यात थोडं माल्ट, रंगासाठी कॅरमेल आणि वासाची द्रव्यं मिसळतात, आणि व्हिस्की म्हणून विकतात. गेल्या काही वर्षांत धान्याचा ईएनए वापरणाऱ्या बाटल्या वाढल्या आहेत. लेबलावर 'ग्रेन स्पिरिट' असं छापलेलं आहे का ते पाहा, अक्षर बारीक असतं.

मळीबद्दल मला राग नाही. मळी आपल्याच उसाची आहे, आणि तिच्यापासून उत्तम रम होते. माझा राग आहे तो लपवण्यावर. मळीचा स्वभाव पुसून टाकून तिच्यावर स्कॉटलंडच्या डोंगराचं आणि हरणाचं चित्र लावायचं, आणि सोलापूरच्या माणसाला कळूही द्यायचं नाही की तो काय पितोय? कशापासून केली ते मोठ्या अक्षरात लिहा, एवढंच माझं मागणं आहे. तुम्हाला तुमची व्हिस्की आवडत असेल तर आवडू द्या. पण तेवढ्याच पैशांत चांगली रमही मिळते. एकदा दोन ग्लासांत दोन्ही ओतून, सारखंच पाणी घालून, डोळे मिटून वास घ्या आणि मला कळवा.

प्रश्न: भारतीय सिंगल माल्टवर बारा वर्षं, अठरा वर्षं असं काही का लिहिलेलं नसतं? मग एवढी किंमत कशाची? (एक वाचक, ठाणे)

उष्म्याची. स्कॉटलंडच्या गोदामात पिंपातली व्हिस्की वर्षाला साधारण दोन टक्के उडून जाते, बेंगळुरूत दहा-बारा टक्के. लाकूडही इथे झपाट्यानं उतरतं. बारा वर्षं ठेवली तर पिंपात थोडीच उरेल आणि जी उरेल ती लाकडाच्या काढ्यासारखी लागेल. म्हणून आपल्याकडे ती काही वर्षांतच बाटलीत भरतात. स्कॉचला किमान तीन वर्षं ओकच्या पिंपात राहावं लागतं, आणि बाटलीवरचं वय तिच्यातल्या सगळ्यांत तरुण व्हिस्कीचं असतं. हा आकडा काळाचा आहे, गुणाचा नाही. नीलकंठ जगदाळे यांच्या बेंगळुरूच्या 'अमृत' कंपनीनं 2004 मध्ये आपलं सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकायला काढलं, तेव्हा वय न छापता ते स्कॉटिश लोकांच्या समोर ठेवलं होतं. या धाडसाचं मला आजही फार कौतुक वाटतं. सासष्टीतल्या कुंकळ्ळीचं 'पॉल जॉन'ही असंच घेऊन बघा. गोव्याची दमट हवा त्यात वेगळंच काही करते.

प्रश्न: मी बेचाळीस वर्षांची. नवऱ्याच्या मित्रांत बसले की मला न विचारता वाइन ओततात. मला धुराच्या वासाची व्हिस्की आवडते. हे 'पुरुषी' आहे का? (एक वाचक, पुणे)

बाई गं, अजिबात नाही. स्कॉटलंडच्या ज्या आयला बेटावरच्या व्हिस्की धुराच्या वासासाठी सर्वांत प्रसिद्ध आहेत, तिथली 'लफ्रॉइग' आसवनी (व्हिस्कीचा कारखाना) 1954 पासून बेसी विल्यमसन या बाईच्या मालकीची होती. ती तिथे टंकलेखिका म्हणून आली होती. आणि 'जॉनी वॉकर'च्या मास्टर ब्लेंडर 2022 पासून डॉ. एमा वॉकर आहेत, रसायनशास्त्रातल्याच. तुम्हाला धूर आवडतो कारण तुमच्या नाकाला तो ओळखीचा आहे. मला तर त्या व्हिस्कीत आजोळच्या न्हाणीघरातला बंब आठवतो, ओल्या लाकडांचा. पुढच्या वेळी बाटली तुम्हीच घेऊन जा आणि पहिला पेग स्वतः भरा. सोबत काय, असंही विचारलंय: शेंगदाणे, मसाला पापड हे चालतं, पण धुरकट व्हिस्कीला खरी साथ सुक्या बोंबलाची, तव्यावर भाजून, वर लिंबू. शाकाहारी असाल तर भाजलेलं वांगं.

प्रश्न: वडील गेले. कपाटात त्यांनी आखातातून आणलेली एक न उघडलेली स्कॉच निघाली, वीस वर्षं तरी झाली असतील. चांगली असेल का? किंमत वाढली असेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

बाटलीत व्हिस्कीचं वय वाढत नाही. वाढतं ते पिंपात. म्हणून ती तेव्हा होती तशीच असेल, फक्त उभी आणि उजेडापासून दूर राहिलेली असावी. आडवी ठेवली असेल तर तीव्र मद्यार्कानं बूच कुजतं. पातळी गळ्याच्या खाली उतरली असेल तर हवा शिरली असं समजा. बूच चुरलं तर मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या. नेहमीच्या ब्लेंडला विक्रीत फारसं काही मिळणार नाही, त्या विचारात पडू नका. वडिलांचे जे मित्र अजून येतात त्यांना बोलवा आणि उघडा. निम्मी उरली तर लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, मोठ्या बाटलीत हवा जास्त राहते आणि काही महिन्यांत वास उतरतो.

प्रश्न: रोज एक पेग हृदयाला चांगला, हे खरं ना? (एक वाचक, नागपूर)

नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की मद्याचं कोणतंही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही. औषध म्हणून घेत असाल तर आजच थांबा. मी चवीसाठी घेते आणि रोज घेत नाही.

प्रश्न: मुलगा बावीसचा आहे. घरी आमच्याबरोबर घेतो. बाहेर चोरून पिण्यापेक्षा बरं, असं आम्हाला वाटतं. (एक वाचक, डोंबिवली)

तुमची भावना मला कळते. पण महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय 25 पूर्ण लागतं. 21 चालतं ते बिअर आणि वाइनला. पिणाऱ्याकडे परवानाही हवा, तुमच्याकडे आहे का? गोव्यात वय 18 आहे, पण तिथली बाटली परवान्याशिवाय हद्दीच्या अलीकडे आणू नका, सीमेवरच्या नाक्यांवर तपासणी होते. पंचविशी येईपर्यंत त्याला वास घ्यायला शिकवा. त्याला कायद्याची आडकाठी नाही, आणि शिकायला तीन वर्षं पुरतात.