यार्ड साइनवर 'पेड फॉर बाय' कोणाच्या नावाने, आणि पाटीवर नेमकं कुठे

प्रश्न थोडक्यात असा: यूएस हाउसच्या (अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहाच्या) निवडणुकीला ओळखीचा उमेदवार उभा आहे, तुम्ही सहा जण वर्गणी काढून २०० यार्ड साइन, म्हणजे अंगणात रोवायच्या प्रचाराच्या पाट्या, छापणार आहात. त्यावर 'पेड फॉर बाय', म्हणजे 'पैसे अमुक यांनी दिले', असं लिहावंच लागतं का, आणि तिथे मराठी मंडळाचं नाव टाकलं तर चालेल का?

लिहावं लागतं, पण मंडळाचं नाव अजिबात नको. आपली बरीच मंडळं ५०१(सी)(३), म्हणजे करसवलत असलेली सेवाभावी संस्था, म्हणून नोंदलेली असतात, आणि अशा संस्थेला कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करायला पूर्ण बंदी आहे. २०० पाट्यांपायी मंडळाची करसवलत धोक्यात घालू नका.

आता वाक्याचं. ते दोन गोष्टींवरून ठरतं: पैसे कोणी दिले, आणि उमेदवाराच्या कमिटीची (त्याच्या प्रचाराचा पैसा सांभाळणाऱ्या नोंदणीकृत समितीची) संमती आहे का. कमिटीनेच पैसे दिले असतील तर 'पेड फॉर बाय' आणि कमिटीचं नोंदणीतलं पूर्ण नाव, एवढं पुरतं. नुसतं उमेदवाराचं नाव नको, बहुतेक चुका इथेच होतात. पैसे दुसऱ्याचे पण कमिटीची संमती असेल, तर पैसे देणाऱ्याचं नाव आणि पुढे 'ऑथराइज्ड बाय' अमुक कमिटी. संमती नसेल तर पैसे देणाऱ्याचं पूर्ण नाव, त्यासोबत कायमचा पत्ता, फोन किंवा वेबसाइट यांपैकी एक, आणि हे कोणत्याही उमेदवाराने किंवा त्याच्या कमिटीने मंजूर केलेलं नाही असं स्पष्ट वाक्य. रस्त्याने जाणाऱ्या मतदाराला पाटीमागचा पैसा कोणाचा हे कळलंच पाहिजे, त्यासाठी हा सगळा खटाटोप.

तुमच्या बाबतीत सगळ्यात सोपं म्हणजे पाट्या तुम्ही छापूच नका. ज्यांना देणगी देता येते त्यांनी आपापल्या कार्डाने थेट कमिटीला पैसे द्यावेत आणि ऑर्डर कमिटीने द्यावी. वर्गणी एकत्र करून परस्पर छापल्या, तर वर्षभरात १,००० डॉलरच्या वर खर्च जाताच तुमचा गट स्वतःच पोलिटिकल कमिटी ठरून एफईसीकडे (फेडरल निवडणूक आयोगाकडे) नोंदवावा लागू शकतो. रोवायच्या तारांसकट दोन्ही बाजूंनी छापलेल्या २०० पाट्यांना हजार डॉलर ओलांडायला वेळ लागत नाही. कमिटीशी बोलून छापल्या तर तो खर्च देणगीत धरला जातो. २०२५-२६ साठी देणगीची मर्यादा माणशी, प्रत्येक निवडणुकीला ३,५०० डॉलर आहे. कोणाच्या कंपनीच्या खात्यातून बिल भरू नका, फेडरल उमेदवाराला कंपनीची देणगी चालत नाही.

सहा जणांत कोणी एच-१बीवर असेल तर त्याने एक डॉलरही द्यायचा नाही, स्कूल बोर्डाच्या निवडणुकीतसुद्धा नाही. ग्रीन कार्डवाल्याला देता येतात. 'मी तुला रोख देतो, तू तुझ्या नावाने भर' हा वेगळा आणि जास्त गंभीर गुन्हा आहे. एच-१बीवाल्याला विनामोबदला पाट्या वाटता येतात, ठोकता येतात. फक्त पैसा कुठे खर्च करायचा या निर्णयात त्याने बसू नये.

छपाईकडे येऊ. नेहमीची पाटी १८ x २४ इंची कोरोप्लास्टची (पन्हळी प्लास्टिकच्या पत्र्याची). २४ x ३६ इंचांपर्यंतच्या पाटीला १२ पॉइंटचा टाइप नियमाला पुरतो, पण १२ पॉइंट म्हणजे जेमतेम ४ मिलिमीटर, फुटपाथवरून वाचता येत नाही. २४ पॉइंट ठेवा. वाक्याभोवती छापील चौकट लागते. डिझाइनमध्ये ती हमखास राहून जाते. काळं अक्षर पांढऱ्यावर, नाहीतर पाटीवरच्या सगळ्यात मोठ्या अक्षरांना पार्श्वभूमीशी जेवढा उठाव आहे निदान तेवढाच इथेही हवा. निळ्यावर करडं नको. चौकट अगदी खालच्या कडेला लावू नका: कापताना अर्धी जाते, आणि तार जास्त खोल ठोकली की उरलेली गवतात बुडते. दोन इंच वर घ्या, दोन्ही बाजूंना छापा. विसरलाच तर पाण्याने न सुटणारं व्हिनाइल स्टिकर लावून वाटा, पाट्या फेकून देऊ नका.

हे सगळं फेडरल निवडणुकीचं. राज्य आणि गावच्या पदांना राज्याचा नियम लागतो, आणि तो बराच वेगळा असतो. वॉशिंग्टन राज्यात ४ x ८ फुटांपर्यंतच्या यार्ड साइनवर प्रायोजकाचं नाव-पत्ता लागत नाही. ही सूट असलेल्या वस्तूंच्या यादीत फुगे, पेन आणि यो-योही आहेत. मात्र पक्षीय पद असेल तर उमेदवाराने सांगितलेला पक्ष पाटीवर यावाच लागतो. म्हणजे सिएटलच्या एकाच अंगणात एकाच मापाच्या दोन पाट्या, फेडरल उमेदवाराच्या पाटीला चौकट सक्तीची, राज्याच्या उमेदवाराच्या पाटीला नाही. टेक्ससमध्ये आणखी एक ओळ: महामार्गाच्या सरकारी पट्ट्यात ही पाटी लावणं गुन्हा आहे, अशी ठरावीक शब्दांतली सूचना. 'पेड फॉर बाय' लिहिलं म्हणून ती टळत नाही.

शेवटी, घरी पुठ्ठ्यावर मार्करने लिहून खिडकीत लावलेली एकच पाटी. तिची काळजी करू नका. मिसूरी राज्यातल्या लॅड्यू शहराने घरच्या पाट्यांवर घातलेली बंदी सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्ये एकमताने उडवली. पुढच्याच वर्षी, शाळेच्या कराविरुद्ध निनावी पत्रकं वाटणाऱ्या मार्गारेट मॅकइंटायर यांना ओहायोत झालेला १०० डॉलरचा दंडही टिकला नाही. पण ते प्रकरण कराच्या प्रस्तावावरचं होतं. उमेदवारासाठी छापलेल्या २०० पाट्यांना त्याचा आधार घेऊ नका.