मॉन्टगोमेरीच्या बसचं मागचं दार

तुम्ही विचारलंय: "रोझा पार्क्स नावाच्या एका दमलेल्या बाईने बसमधली जागा सोडली नाही आणि अमेरिकेतला वर्णभेदाचा कायदा बदलला, असं वाचलं. एका नकाराने एवढं कसं घडलं? आणि आज लाखो लोक रस्त्यावर उतरूनही काही का बदलत नाही?"

मी एसटीत 31 वर्षं काढली, शेवटची काही वर्षं वाहतूक निरीक्षक म्हणून. मुलगी अटलांटाला असते. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा एका शनिवारी आम्ही गाडीने मॉन्टगोमेरीला गेलो, अडीच तासांचा रस्ता आहे. रोझा पार्क्स यांना जिथे अटक झाली त्याच जागी आता त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे. मुलगी बसच्या दालनात रमली. मी मात्र तिथे ठेवलेल्या एका जुन्या स्टेशन वॅगनपाशी, त्या लांबलचक मोटारीपाशी, बराच वेळ उभा होतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या मोटारीत दिसतं.

आधी बसबद्दल सांगतो. अलाबामा राज्यातल्या या शहरात बसचे चारपैकी तीन प्रवासी कृष्णवर्णीय असत. म्हणजे कंपनीचा गल्ला त्यांच्या पैशावर भरायचा. बसमध्ये 36 आसनं. पुढची 10 गोऱ्यांची, ती रिकामी गेली तरी इतरांनी तिथे बसायचं नाही. मधली आसनं चालकाच्या मर्जीवर. त्याला पोलिसासारखे अधिकार होते आणि बऱ्याच चालकांकडे पिस्तूलही असे. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते दाराचं. कृष्णवर्णीय प्रवाशाने पुढच्या दाराने चढायचं, चालकाजवळच्या पेटीत 10 सेंट टाकायचे, मग खाली उतरून फुटपाथवरून चालत मागच्या दाराने आत शिरायचं. पाऊस असला तरी हेच. पैसे पडल्यावर बाई मागच्या दारापर्यंत पोचायच्या आत चालकाने गाडी सोडली, असंही घडायचं. आमच्याकडे प्रवासी पायरीवर असताना डबल बेल पडली तर वाहकाची चौकशी लागते. तिथे पैसे घेऊन माणसाला रस्त्यावर सोडणं रोजचं होतं, आणि तक्रार कुणाकडे करायची?

1943 साली पार्क्सबाईंचं याच दारावरून एका चालकाशी वाजलं होतं. पुढून चढल्या म्हणून त्याने त्यांना खाली उतरवलं. तो चालवत असलेल्या बसमध्ये पाय ठेवायचा नाही, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं. 1 डिसेंबर 1955 च्या संध्याकाळी बसमध्ये चढताना त्यांचं लक्ष नव्हतं, आणि चालक नेमका तोच निघाला, जेम्स ब्लेक. गोऱ्यांची आसनं भरली, एक गोरा माणूस उभा राहिला. त्या एकासाठी मधल्या रांगेतल्या चौघांनी उठायचं, कारण गोरा माणूस बसलेल्या रांगेत कृष्णवर्णीयाने बसायचं नाही. तिघं उठले. पार्क्सबाई उठल्या नाहीत.

"दमलेली बाई" ही गोष्ट कृपा करून सोडून द्या. त्यांनी स्वतः सांगून ठेवलंय की अंगाने त्या रोजच्यापेक्षा जास्त दमलेल्या नव्हत्या, दमल्या होत्या त्या सतत मान तुकवून. वय 42. एका मोठ्या दुकानात शिवणकाम करायच्या हे खरं, पण बारा वर्षं त्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एनएएसीपीच्या स्थानिक शाखेच्या सचिवही होत्या. अत्याचाराच्या तक्रारी नोंदवून घ्यायच्या, साक्षीदार शोधायचे, असलं जोखमीचं काम. त्याच उन्हाळ्यात टेनेसीतल्या एका कार्यकर्ता शाळेत दोन आठवड्यांचं शिबिर करून आल्या होत्या. आपण काय करतोय हे त्यांना पक्कं माहीत होतं.

त्या पहिल्याही नव्हत्या. नऊ महिने आधी, 2 मार्चला, क्लॉडेट कॉल्विन नावाच्या 15 वर्षांच्या शाळकरी मुलीने असाच नकार दिला होता. पोलिसांनी तिला ओढत बसमधून उतरवलं. तेव्हाही बहिष्काराची चर्चा झाली, पण एवढ्या कोवळ्या पोरीच्या नावावर शहर उभं राहील का, अशी पुढाऱ्यांना शंका वाटली. त्यांची अडचण मला कळते, तरी त्या मुलीवर अन्याय झाला असंच मी म्हणेन. तिच्या नावावरचा तो गुन्हा कोर्टाने पुसला 2021 साली, ती 82 वर्षांची झाल्यावर.

आता संघटनेचं. जो अॅन रॉबिन्सन या तिथल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या आणि स्त्रियांच्या एका राजकीय मंडळाच्या अध्यक्ष होत्या. बसची वागणूक सुधारली नाही तर लोक बसवर बहिष्कार घालतील, असं पत्र त्यांनी महापौरांना मे 1954 मध्येच दिलं होतं. म्हणजे पार्क्सबाईंच्या अटकेच्या दीड वर्ष आधी. अटक झाली त्या गुरुवारच्या रात्री रॉबिन्सनबाईंनी एक सहकारी आणि दोन विद्यार्थी गाठले आणि कॉलेजच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर रात्रभर हजारो पत्रकं काढली: सोमवारी बसमध्ये बसू नका. पत्रकं कुठे कुणी वाटायची, हेसुद्धा आधी ठरलेलं होतं. शुक्रवारी शाळा, दुकानं, केशकर्तनालयं यांतून ती घरोघर पोचली. पार्क्सबाईंना जामिनावर सोडवून आणणारे ई. डी. निक्सन रेल्वेच्या शयनयानातले हमाल आणि त्यांच्या युनियनचे नेते. मार्टिन लूथर किंग तेव्हा 26 वर्षांचे, शहरात नवखे पाद्री. नवखे म्हणूनच कुणाशी वैर नाही, हे त्यांची निवड होण्याचं एक कारण.

सोमवारी, 5 डिसेंबरला, बसगाड्या जवळपास रिकाम्या धावल्या. एक दिवस बंद पाळणं अवघड नसतं, आपण सगळ्यांनी कितीतरी पाहिलेत. संध्याकाळी चर्चमध्ये हजारो लोक जमले आणि त्यांनी ठरवलं की हे चालू ठेवायचं. माझ्यासारख्या माणसाच्या पोटात इथे गोळा येतो. जवळजवळ 40 हजार प्रवासी. बहुतेक बाया शहराच्या दुसऱ्या टोकाला गोऱ्यांच्या घरी धुणंभांडी, स्वयंपाक, मुलं सांभाळणं अशी कामं करणाऱ्या. कामावर वेळेत पोचलं नाही तर नोकरी जाणार. सरकार विरोधात, पैसा नाही, आणि मंगळवारपासून रोज त्यांना न्यायचं-आणायचं. एका मोठ्या जत्रेची जादा वाहतूक लावायची तर आमचं आगार महिनाभर आधी बैठकांना बसतं.

पहिले काही दिवस कृष्णवर्णीयांच्या टॅक्सींनी बसच्या भाड्यात, 10 सेंटमध्ये, माणसं नेली. पोलिस खात्याने लगेच जुना नियम काढला: टॅक्सीचं किमान भाडं 45 सेंट, कमी घ्याल तर अटक. मग खासगी मोटारी पुढे आल्या. दोन वर्षांपूर्वी लुइझियानातल्या बॅटन रूज शहरात असाच छोटा बहिष्कार झाला होता, तिथल्या पाद्रींनी मोटारी कशा वाटून घ्यायच्या ते किंगना फोनवर समजावलं. सुमारे 300 मोटारी जमल्या. शहराचे गल्लीबोळ माहीत असलेल्या पोस्टमननी नकाशावर मार्ग आखून दिले. सकाळी माणसं कुठून उचलायची ते 40 हून अधिक थांबे, संध्याकाळी परत कुठून न्यायचं ते वेगळे. शहराच्या मध्यावर एका कृष्णवर्णीय माणसाच्या मालकीचा वाहनतळ होता, तिथे गाड्या बदलायची सोय. हे सगळं वाचताना मी कागदावर रेघा ओढत होतो, कारण हे आमचंच काम आहे: मार्ग, थांबे, भारमान म्हणजे गाडी किती भरते ते, गाडी बंद पडली तर दुसरी कुठून. फरक इतकाच की हे काम प्राध्यापक, पाद्री आणि शववाहिनीवाले आपापली नोकरी सांभाळून करत होते, पगाराशिवाय.

पैसा कुठून आला? बराचसा देशभरातून देणग्यांतून. पण जॉर्जिया गिलमोर नावाच्या स्वयंपाकीणबाईंचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बसचालकाच्या वागणुकीबद्दल कोर्टात साक्ष दिली म्हणून त्यांची खानावळीतली नोकरी गेली. त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात रांधायला घेतलं. त्या आणि त्यांच्या मैत्रिणी तळलेलं चिकन, "पाय" नावाचा सारण भरून भाजलेला पदार्थ, केक विकायच्या आणि दर आठवड्याला पैसे सभेत आणून द्यायच्या. गटाचं नाव ठेवलं होतं "कुठूनच न आलेला क्लब", म्हणजे पैसे कुठून आले असं कुणी विचारलं तर खरंच सांगता यावं की कुठूनच नाही. विकत घेणाऱ्यांत गोरी माणसंही होती. त्या पैशातून पेट्रोल भरलं गेलं.

शहराने मग एकेक कडी तोडायला घेतली. मोटारी चालवणाऱ्यांना किरकोळ कारणांवरून दंड. खुद्द किंगना ताशी 25 मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर 30 च्या वेगाने गाडी नेली म्हणून अटक झाली. जानेवारी 1956 च्या शेवटी त्यांच्या घरावर बॉम्ब पडला, दोन दिवसांनी निक्सन यांच्या. चर्चच्या नावावर घेतलेल्या स्टेशन वॅगन, ज्यांना लोक "धावती चर्चं" म्हणत, त्यांचे विमे कंपन्यांनी रद्द केले. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही, म्हणजे हा घाव वर्मी होता. अटलांटाच्या एका कृष्णवर्णीय विमा एजंटाने थेट लंडनच्या लॉइड्समधून विमा मिळवून दिला. फेब्रुवारीत 1921 चा एक बहिष्कारविरोधी कायदा काढून 80 हून अधिक जणांवर आरोप ठेवले. पार्क्सबाईंचा बोटांचे ठसे घेतानाचा जो फोटो सगळीकडे दिसतो तो या अटकेचा आहे, पहिल्या अटकेचा नाही.

गांधीजींचं नाव यात कधी आलं, असं आपल्याकडे हमखास विचारतात. आठवड्याभरातच आलं, आणि एका गोऱ्या ग्रंथपाल बाईंनी आणलं. ज्युलिएट मॉर्गन यांनी 12 डिसेंबरला स्थानिक वर्तमानपत्रात पत्र लिहून या चालणाऱ्या लोकांची तुलना मिठाच्या सत्याग्रहाशी केली. त्यानंतर फोनवरून शिव्या, घरावर दगड, नोकरीवरून काढा अशी मागणी. 1957 च्या जुलैत त्यांनी जीव दिला. या लढ्यात हरलेल्यांची यादी करायची झाली तर मी त्यांचं नाव वर लिहीन.

आणि लोकांच्या मागण्या किती साध्या होत्या ते पाहा: चालकाने नीट बोलावं, कृष्णवर्णीय वस्तीतल्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक घ्यावेत, आणि बसायचं ते कृष्णवर्णीयांनी मागून पुढे व गोऱ्यांनी पुढून मागे, जो आधी येईल त्याने, बसलेल्याला उठवू नये. वेगळं बसवण्याचा नियम रद्द करा, असं सुरुवातीला कुणी म्हणतसुद्धा नव्हतं. शहराच्या कारभाऱ्यांनी एवढंही नाकारलं, तेव्हा वकील फ्रेड ग्रे यांनी 1 फेब्रुवारीला संघराज्याच्या न्यायालयात मूळ नियमालाच आव्हान दिलं. त्या दाव्यात पार्क्सबाईंचं नाव नाही. त्यांचा खटला राज्याच्या कोर्टात अडकून पडेल अशी भीती होती. नाव होतं ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅकडॉनल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि तीच शाळकरी पोर, क्लॉडेट कॉल्विन. कायदा मोडून पडला तो या चौघींच्या नावावर. जूनमध्ये निकाल लागला, 13 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. त्याच दिवशी स्थानिक कोर्टाने मोटारींच्या व्यवस्थेवर बंदी आणली. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश शहरात पोचायला पाच आठवडे लागले. ते पाच आठवडे लोक चालले. 21 डिसेंबर 1956 ला, 381 दिवसांनी, ते पुन्हा बसमध्ये चढले.

तर एका नकाराने हे घडलं नाही. त्या नकारावर शहर वर्षभर चालू शकेल अशी तयारी काही लोकांनी आधी करून ठेवली होती.

दुसरा प्रश्न आजचा. 2020 मध्ये मिनियापोलिसला पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेला, कित्येक शहरांत लोक उतरले. तो पोलिस 2021 मध्ये खुनाचा दोषी ठरला. फ्लॉइड यांच्या नावाचं पोलिस सुधारणेचं विधेयक मात्र कनिष्ठ सभागृहात मंजूर होऊन सिनेटमध्ये अडकलं. काहीच बदलत नाही असं तुम्ही म्हणता तेव्हा बहुधा हे डोळ्यांपुढे असतं. पण मॉन्टगोमेरीतही तेव्हा बसशिवाय काही बदललं नव्हतं. महिनाभरात बसवर गोळ्या झाडल्या गेल्या, एक गरोदर बाई दोन्ही पायांत जखमी झाली, चार चर्चवर बॉम्ब पडले. शहराने 1959 साली सगळ्या बागा बंद केल्या, पण त्या सगळ्यांना खुल्या केल्या नाहीत. मतदानाचा हक्क खऱ्या अर्थाने हातात यायला 1965 उजाडलं. आपल्याला तो विजय सबंध दिसतो, कारण आपण तो पुस्तकात एका पानावर वाचतो. आजचे मोर्चे फोनवरून दोन दिवसांत जमतात, आणि मला काळजी वाटते ती पोस्टमन आणि स्वयंपाकीणबाईंची जागा कोण घेणार याची. काही ठिकाणी ती माणसं असतीलही. त्यांचे फोटो निघत नाहीत, तेव्हाही निघाले नव्हते.

पार्क्सबाईंची आणि त्यांच्या नवऱ्याची, दोघांचीही नोकरी गेली होती. 1957 मध्ये ते डेट्रॉइटला गेले. ती बस, क्रमांक 2857, पुढे कित्येक वर्षं अलाबामातल्या एका शेतात लाकडं आणि अवजारं ठेवायला वापरली. 2001 साली लिलावात 4 लाख 92 हजार डॉलरला ती विकत घेऊन डेट्रॉइटजवळच्या डिअरबॉर्नमधल्या हेन्री फोर्ड संग्रहालयाने दुरुस्त केली. तिथे लोकांना आत बसू देतात. पुढच्या खेपेला तिथे नेईन, असं मुलीने कबूल केलंय. सगळे त्या आसनावर बसून फोटो काढतात म्हणे. मला मागचं दार पाहायचंय, आणि पुढच्या दारापासून तिथवर किती पावलं पडतात ती बाहेरून चालत मोजायचीयत.