कॉर्डलेस रेसिप्रोकेटिंग सॉ बिनधास्त वापरता येते का? आधी शू टेकवा, मग ट्रिगर दाबा

तुम्ही विचारलंय की गावच्या घरातल्या कुजलेल्या सागवानी खिडक्यांच्या चौकटी काढायच्या आहेत, परसातल्या आंब्याच्या खाली आलेल्या फांद्या छाटायच्या आहेत आणि त्यासाठी १८ व्होल्टची कॉर्डलेस रेसिप्रोकेटिंग सॉ, म्हणजे सरळ पातं वेगाने पुढेमागे करणारी बॅटरीवरची करवत, घेतली आहे. दुकानदार म्हणाला, ‘ग्राइंडरपेक्षा सेफ आहे, बिनधास्त वापरा.’ हे खरं मानायचं का?

अर्धंच मानावं. ग्राइंडरची चकती फुटून अंगावर येते, तशी फिरणारी चकती इथे नसते, आणि लाकूड कापताना ठिणग्यांचा झोतही नसतो. पण हे मशीन दणके देतं. त्याचं पातं उघडं असतं, त्यावर कसलंही कव्हर नसतं. मी घरदुरुस्तीची कामं घेतो. जुन्या चौकटी, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप, खिळे मारलेल्या फळ्या यांसाठी हे मशीन कायम हातात असतं. नवा मुलगा कामाला लागला की पहिल्या दिवशी मी त्याला शू वापरायला शिकवतो, बाकीचं सगळं नंतर.

पात्याच्या मुळाशी पुढेमागे झुकणारी जी धातूची पट्टी असते, ती म्हणजे शू. तिचं काम असं. पात्याचे दात मशीनकडे वळलेले असतात, म्हणजे पातं आत येताना कापतं, आणि कापता कापता लाकडाला मशीनकडे ओढतं. शू लाकडाला घट्ट टेकलेला असेल तर ही ओढ शू आणि लाकूड यांच्यातच जिरते. मध्ये फट राहिली तर तीच ओढ तुमच्या मनगटावर येते, मशीन आदळायला लागतं, काप भरकटतो आणि पातं वाकतं. या मशीनमध्ये पातं साधारण २८ ते ३२ मिमी पुढेमागे जातं आणि ट्रिगर पूर्ण दाबला की मिनिटाला ३००० च्या आसपास फेऱ्या करतं. म्हणजे सेकंदाला पन्नास दणके. एवढ्या वेगात ‘आधी चालू करू, मग टेकवू’ केलं तर दात लाकडावर नाचतात आणि मशीन कुठे जाईल ते तुमच्या हातात राहत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. दोन्ही हातांनी धरा, एक हात मागच्या मुठीवर, दुसरा पुढच्या रबरी भागावर. शू लाकडावर दाबून टेकवा, पातं अजून लाकडाला लागलेलं नको. ट्रिगर हलका दाबा, आणि शूवरच मशीन तोलून पातं हळूहळू लाकडात उतरवा. खाच पडली की मग वेग वाढवा. काप संपत आला की जोर कमी करा, शू मात्र उचलू नका. ट्रिगर सोडल्यावरही पातं क्षणभर चालत राहतं, ते पूर्ण थांबल्याशिवाय मशीन बाहेर काढू नका आणि खालीही ठेवू नका. तयार खाच किंवा भोक नसताना टोक खुपसून मधूनच कापायला सुरुवात करायची पद्धत यूट्यूबवर दिसेल. ती तुम्ही करू नका. ड्रिलने भोक पाडा आणि त्यातून पातं घाला.

दुसरी गोष्ट पात्याच्या टोकाची. पातं पूर्ण आत आलेलं असतानाही त्याचं टोक लाकडाच्या पलीकडे बाहेर दिसलं पाहिजे. पातं आखूड असेल तर टोक कापाच्या आत शिरतं आणि पुढच्या फेरीला लाकडावर धडकतं, तो दणका थेट खांद्यापर्यंत जातो. पातं फार लांब असेल तर ते भिंतीला किंवा दगडाला ठोकतं, परिणाम तोच. तुमच्या चौकटीसाठी २३० मिमीचं, खिळ्यांसकट लाकूड कापणारं बायमेटल (दोन धातू जोडून केलेलं) पातं घ्या, इंचाला ६ ते १० दातांचं. लोखंडासाठी त्याहून बारीक दात लागतात, इंचाला १४ ते १८. पातळ पत्र्याला त्याहूनही बारीक.

आता चौकट. आधी तावदानं आणि काचा काढा. मग भिंत बघा. जुन्या घरांत खिडकीशेजारीच स्विचबोर्ड असतो आणि वायर कधी लाकडी पट्टीतून, कधी प्लास्टरखालून गेलेली असते. मेन स्विच बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन पाडला तरी इन्व्हर्टरवरचे पॉइंट जिवंत राहतात, आणि हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. मग टेस्टरने तपासा, आणि टेस्टर चालतोय की नाही हे आधी जिवंत पॉइंटवर बघून घ्या. एवढं करूनही हात रबरी मुठीवरच ठेवा. पातं जिवंत वायरला लागलं तर मशीनच्या पुढच्या उघड्या धातूतही करंट येतो. मशीन बॅटरीवर चालतं म्हणून भिंतीतल्या वायरपासून ते तुम्हाला वाचवत नाही. पाण्याची लाइन असेल तर कॉक बंद करून नळ उघडा ठेवा. गॅसची किंवा एसीची पाइप जवळ असेल तर तिथे पातं नेऊ नका.

त्याहून मोठा धोका वर असतो. जुन्या दगडमातीच्या घरात कधी कधी खिडकीवर लिंटेल (वरच्या भिंतीचा भार पेलणारा आडवा दगड किंवा तुळई) नसतो, भिंतीचा भार चौकटीच्याच वरच्या लाकडावर टेकलेला असतो. अशी चौकट कापली तर वरचे दगड खाली येतील. वर काय आहे ते गवंड्याला दाखवा, आणि शंका असेल तर आधी टेकू लावून घ्या. हे काम एकट्याने करू नका.

कापायचं असं. चौकटीच्या उभ्या लाकडावर खोलीच्या बाजूने शू टेकवा, पातं बाहेरच्या दिशेने आरपार जाऊ द्या आणि भिंतीकडे कापत न्या. बाहेर कोणी उभं नाही ना, ते आधी बघा, कारण टोक तिकडे निघतं. भिंतीला लागायच्या आत थांबा, राहिलेला बोटभर भाग पहारीने मोडा. प्लास्टरमध्ये पातं घासलं की दात लगेच जातात. तुकडे सुटले की होल्डफास्टच्या, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या दिसतील, त्या लोखंडाच्या पात्याने, कमी वेगात कापा. चौकटीवरचा जुना ऑइलपेंट घासू नका आणि त्याची धूळ ओढून घेऊ नका. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) आणणारे नियम भारतात २०१६ साली आले, त्याआधीच्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी. चांगला मास्क लावा, मुलांना दूर ठेवा, धूळ ओल्या फडक्याने पुसा. त्याच घराच्या सिमेंट पत्र्याला मात्र हे मशीन लावू नका, जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं.

पातं बदलताना बॅटरी काढायची, दर वेळी. वायरच्या मशीनचा प्लग काढलेला डोळ्यांना दिसतो. इथे बॅटरी लावलेली असली की मशीन तयारच असतं, चुकून बोट पडलं तरी चालू होतं. ट्रिगरचं लॉक बटण असतं, त्याच्यावर भरवसा ठेवून पात्याला हात लावायचा नाही. कापून झाल्यावर लगेच पातं धरू नका, लोखंड कापल्यावर तर ते भाजण्याइतकं तापलेलं असतं. नवं पातं बसवलं की ओढून बघा, सैल पातं चालू मशीनमधून सुटून उडतं.

फांद्यांच्या बाबतीत मी कडक आहे: शिडीवर चढून हे मशीन वापरू नका. मशीनला दोन हात लागतात, शिडीलाही हात लागतो. जमिनीवर उभं राहून छातीच्या उंचीपर्यंतच्याच फांद्या कापा, वरचं काम झाडं छाटणाऱ्या माणसाला द्या. विजेच्या तारांजवळ फांदी असेल तर महावितरणला कळवून लाइन बंद करून घ्या. फांदी एकाच कापात वरून कापली की ती वजनाने खाली तुटते आणि खोडाची साल सोलत जाते. खालून पूर्ण कापायला गेलं तर कापाचं तोंड मिटून पातं चिमटतं. म्हणून खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश काप घ्या, त्याच्या थोडं पुढे वरून कापून फांदी पाडा, मग उरलेला खुंट फांदीच्या बुंध्याशी असलेल्या फुगवट्याच्या बाहेरून कापा. फांदी पडेल त्या बाजूला उभं राहू नका. आंब्याच्या चिकाने त्वचा आणि डोळे पोळतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बाजूने बंद असलेला गॉगल हवाच. हीच छाटणी नगरपालिका किंवा महापालिकेच्या हद्दीत असती तर महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यामुळे आधी स्थानिक संस्थेकडे विचारावं लागलं असतं.

हातमोजे घाला, चांगली पकड देणारे. कानात प्लग घाला. हात बधिर व्हायला लागले की थांबा. युरोपातल्या नियमांत दिवसभराच्या कामासाठी कंपनाची जपून राहण्याची पातळी २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग धरली आहे. तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये लाकडासाठी २० चा आकडा असेल तर ती पातळी साडेसात मिनिटांच्या प्रत्यक्ष कापण्यात गाठली जाते, १० चा असेल तर अर्ध्या तासात. दोन चौकटी एका दिवसात कापायचा आग्रह धरू नका.

बॅटरी ४ अँपिअर-अवरची किंवा मोठी घ्या, लहान बॅटरी जड कामात लवकर तापते. गरम बॅटरी लगेच चार्जरवर लावू नका, गार होऊ द्या. उन्हात उभ्या गाडीत किंवा खिळ्यांच्या डब्यात सुटी टाकू नका. फुगलेली किंवा भिजलेली बॅटरी वापरातून काढा. चौकटीच्या आतला आणि बाहेरचा फोटो टाकलात तर पहिला काप कुठे घ्यायचा ते सांगतो.