कळ दाबली, कळ आली

प्रश्न असा आहे: फिजिओथेरपीच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करताना ‘ट्रिगर पॉइंट’ला (स्नायूतली अशी जागा, जी दाबली की कळ येते) ‘मर्मबिंदू’ आणि ‘रेफर्ड पेन’ला ‘संदर्भित वेदना’ लिहिलं तर चालेल का?

दुसऱ्याचं आधी सांगतो, ते सोपं आहे. नाही चालणार. ‘संदर्भित वेदना’ वाचलं की दुखण्याला कुणी तळटीप जोडली आहे असं वाटतं. इथे रेफर म्हणजे संदर्भ देणं नव्हे. त्या क्रियापदाच्या लॅटिन मुळात ‘वाहून नेणं’ आहे आणि वैद्यकातही तेच अभिप्रेत आहे: बिघाड एकीकडे, दुखतं भलतीकडे. हार्ट अटॅकमध्ये डावा हात दुखतो तो असाच. दोन्हीकडच्या नसा मज्जारज्जूत एकाच पेठेत येऊन मिळतात, आणि तक्रार नक्की कुणाची हे मेंदूला उमगत नाही. (नाशिकला, अमरावतीला ‘संदर्भ सेवा रुग्णालय’ आहे, पण तिथे निदान पेशंटला चिठ्ठी देऊन पुढे पाठवलेलं असतं. वेदनेला चिठ्ठी कोण देणार?)

स्नायूंचंही तेच. १९३८ मध्ये जॉन केलग्रेन यांनी लंडनमध्ये माणसांच्या स्नायूंत खारट पाणी टोचून दाखवलं की दुखणं टोचल्या जागेपासून लांब जाऊन बसतं. पुढे जेनेट ट्रॅव्हेल यांनी स्नायूंतल्या अशा कळ लांब धाडणाऱ्या जागांचा, म्हणजे ट्रिगर पॉइंटांचा, नाद आयुष्यभर सोडला नाही. या बाई केनेडींच्या व्हाइट हाउसमधल्या डॉक्टर. कोणत्या स्नायूची कळ कुठे जाते याचे नकाशे असलेला त्यांचा आणि डेव्हिड सायमन्स यांचा ग्रंथ १९८३ मध्ये निघाला. ही जागा बोटांनी चाचपून नेमकी सापडते का, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत. दोघांनी चाचपलं तर दोघांचं एकमत होईलच असं नाही.

माझ्यापुरतं मात्र एकमत झालं. उजवा खांदा पुढून दुखायचा, आणि महिनाभर मी पुढूनच बाम चोळत होतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मागे, खांद्याच्या फऱ्यावर अंगठा रोवला आणि कळ दंडातून थेट मनगटापर्यंत गेली. मी ओरडलो, “अहो, हात का दाबताय?” त्यांनी माझ्या हाताला बोटही लावलेलं नव्हतं.

आता ‘मर्म’. सुश्रुतसंहितेत १०७ मर्मं आहेत, त्यांतली ११ मांसमर्मं. पण मर्म म्हणजे जिथे घाव बसला तर जिवावर बेतेल किंवा कायमचं व्यंग येईल अशी जागा. ट्रिगर पॉइंट म्हणजे आखडून दोरीसारख्या झालेल्या स्नायूच्या पट्ट्यातली हुळहुळी जागा. ‘मर्मावर अंगठ्याने दाब देऊ’ असं पत्रकात छापलंत तर पेशंट टेबलावरून उतरून घरी जाईल. ‘गाठ’ही नको. आपल्याकडे गाठ म्हटलं की माणूस आधी बायोप्सीचा खर्च विचारतो.

बोलीतले शब्द पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाचं काम वेगळं. पोटरीत येतो तो पेटका किंवा वांब. उभं राहून राहून लागते ती रग. वाकताना पाठीत अचानक भरते ती उसण, आणि ती काढायला पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायचा. माझ्या आत्याकडे यासाठी गल्लीतली माणसं यायची, कारण आत्या पायाळू. तिला त्याचा कंटाळा यायचा, पण पाय लावल्याशिवाय कुणाला परत पाठवलं नाही. हे सगळे शब्द दुखण्याचे आहेत. जागेचा एकही नाही.

‘एकीकडचं दुसरीकडे’ ही कल्पना मात्र मराठीला नवी नाही. पायाला ठेच लागून पिकलं की जांघेत अवधाण येतं. तो शब्द सुजेचा आहे, म्हणून इथे उचलता येत नाही. नाहीतर किती छान होता!

मग माझं मत ‘कळ’ या शब्दाला. ‘कळ’ म्हणजे वेदना, आणि ‘कळ’ म्हणजे यंत्राची चावी, बटण. दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे झाले असतील, असोत. ट्रिगर पॉइंटमध्ये कळ दाबली की कळ येते, याहून काय हवं? ‘कळीचा मुद्दा’ म्हणतो तशी ‘कळीची जागा’ म्हणा. बंदुकीच्या ट्रिगरला ‘चाप’ आहे खरा, पण ‘चापबिंदू’ तुम्हीच मोठ्याने म्हणून बघा.

रेफर्ड पेनला नाम हवंच असेल तर ‘उसनं दुखणं’ म्हणेन, कारण त्या जागेचं ते स्वतःचं नसतं. (उसण आणि उसनं यांची सोयरीक लावू नका.) ‘उतरती कळ’ही सुचली होती, पण लगेच ‘उतरती कळा’ आठवते आणि पेशंटला ती लागायला नको. खरं तर नामाचा हट्ट सोडून क्रियापदावर भागवावं. मराठीत कळ जाते, उतरते, मारते. पत्रकात एवढंच लिहा: “इथे दाबल्यावर कळ दुसरीकडे कुठे उतरते का?” पेशंट हाताने दाखवेल.