वाचकांचे प्रश्न : मंगळाकडे जाणारा माल

प्रश्न : मी मंगळावरील वसाहतीविषयी विज्ञानकादंबरी लिहीत आहे. तिच्यातील मालवाहू यान पृथ्वीवरून सुटून थेट मंगळाच्या पृष्ठभागावर उतरते. त्याच्या पोटात प्रचंड गोदाम आहे, आणि प्रवासात वजन उरत नसल्याने एकटा हमाल वीस टनांची पेटी एका हाताने सरकवतो. मित्राने वाचून ‘हे पटत नाही’ एवढेच सांगितले. काय बदलावे? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मित्राला बहुधा ती पेटीच खटकली असावी. वजन नाहीसे झाले तरी वस्तुमान राहते, आणि वस्तू हलवायला किंवा थांबवायला लागणारा जोर वस्तुमानावरच ठरतो. पाच किलोचे ओझे उचलायला लागतो तेवढ्या जोराने आपल्या हमालाने ती पेटी मिनिटभर ढकलली, तर तिचा वेग सेकंदाला जेमतेम १५ सेंटीमीटर होईल. तोही त्याचे पाय कशात तरी घट्ट अडकवलेले असतील तर, नाहीतर पेटी जवळजवळ जागेवरच राहून हमालच उलट दिशेला जाईल. उलट, तीच पेटी सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसापेक्षाही हळू, येत असेल, तर तेवढ्याच जोराने तिला थांबवायला ५० मीटर अंतर लागेल. तिच्यात आणि भिंतीत माणूस सापडला तर काय होईल, हे सांगायला नको. २५ जून १९९७ रोजी सुमारे सात टनांचे ‘प्रोग्रेस’ हे मालवाहू यान जोडणीच्या चाचणीत ‘मीर’ अवकाशस्थानकावर आदळले, तेव्हा स्थानकाच्या एका कक्षाला भोक पडले, आणि दारातून गेलेल्या केबल सोडवून तो कक्ष घाईघाईने बंद करावा लागला. तेव्हा हमाल ठेवाच, पण त्याच्या हाती दोर, रूळ आणि यांत्रिक हात द्या. त्याचे कसब ढकलण्यात नसून वेळेवर थांबवण्यात आहे, असे दाखवले तर पात्रालाही वजन येईल.

दुसरी अडचण उतरण्याची. रशियन शास्त्रज्ञ त्सिओलकोव्हस्कीने १९०३ मध्ये मांडलेल्या समीकरणाप्रमाणे, यानाला लागणारा वेगबदल इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या वेगाइतका वाढला, की निघतानाचे वस्तुमान सुमारे २.७ पट करावे लागते. ग्रहाग्रहांमध्ये फिरणाऱ्या यानाने उतरण्याचे पाय, उष्णतारोधक ढाल आणि जोरदार इंजिने सोबत वागवणे म्हणूनच परवडत नाही. आपल्याच किनाऱ्यावर आगबोटी खोल पाण्यात नांगर टाकीत, आणि माणसे व माल पडावांतून, म्हणजे लहान होड्यांतून, धक्क्याला येत. आपले मोठे यानही मंगळाच्या कक्षेतच थांबावे आणि खाली जाणारे पडाव वेगळे असावेत. वसाहतीत खरी सत्ता मग यान चालवणाऱ्यांपेक्षा पडाववाल्यांच्या हाती जाईल, आणि कथानकाच्या दृष्टीने हा मला मोठा लाभ वाटतो.

आता गोदाम. हवा भरलेल्या कक्षाच्या प्रत्येक चौरस मीटरवर आतून सुमारे दहा टनांचा दाब असतो. तीन मीटर लांब-रुंद दारावर तो नव्वद टनांच्या आसपास जातो, आणि असे दार वारंवार उघडून हवाबंद मिटवणे हे जिकिरीचे काम आहे. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकात जपानचे ‘एचटीव्ही’ यान ज्या चौकोनी दाराला जोडले जाई, ते दारही प्रत्येक बाजूस सव्वा मीटरच्या आसपास आहे; त्यातून न जाणारी उपकरणे बाहेरच्या चौकटीवर बसवून यांत्रिक हाताने काढली जात. म्हणून यानाला पोट देऊच नका. एक लांब कणा, एका टोकाला इंजिन, आणि कण्याभोवती निर्वातातच अडकवलेले कंटेनर पुरेत. बियाणे, औषधे अशा ज्या मालाला हवा किंवा ऊब लागते, त्याचा कंटेनर स्वतःची सोय स्वतः करील.

खरा शोध कंटेनर हाच आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकी वाहतूक व्यावसायिक माल्कम मॅक्लीन यांचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले. माल सुटा भरायला टनामागे ५.८३ डॉलर लागत, तो खर्च १६ सेंटांखाली आला. कंटेनरच्या कोपऱ्यावरील, फिरवून बसणारे कुलूप जगभर सारखे झाले आणि त्याच मापाने ट्रक, रेल्वे व क्रेन घडू लागल्या. मुंबईच्या जुन्या गोद्यांमागे कंटेनर रचायला जागा नव्हती, तर १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराला ती मिळाली. आपल्या कादंबरीतही ते कुलूप कोणाच्या मापाचे, हे आधी ठरवा. पृथ्वी व मंगळ यांची मापे वेगळी असतील, तर एक पूर्ण प्रकरण तिथेच तयार आहे.

माल कुठे लावायचा, याचाही आराखडा हवा. शेवटी उतरायचा माल आत, जड माल कण्याच्या दोन्ही बाजूंना समतोल, नाहीतर इंजिनाचा जोर वस्तुमानकेंद्रातून जाणार नाही आणि यान फिरू लागेल. शेजार चुकला तर काय होते, हे मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले आहे. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या ‘फोर्ट स्टिकाइन’ जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी त्यांच्या लगतच रचल्या होत्या. आग कापसात लागली. कादंबरीतला माल भरणारा मुकादम अशा यादीवर सही करायला कचरत असेल, तर त्याचे ऐकणारा कोणी नसावा. तेव्हाही जवळजवळ तसेच झाले.

वेळापत्रक मात्र विसरू नका : कमी इंधनात मंगळाकडे निघण्याची संधी दर सुमारे २६ महिन्यांनी येते आणि प्रवासाला साडेआठ महिने लागतात.

प्रश्न : अशा यानावर खलाशी किती असावेत?

उत्तर : आज वीस हजारांहून अधिक कंटेनर नेणाऱ्या जहाजावरही पंचवीसच्या आतबाहेरच माणसे असतात. अवकाशात प्रत्येकासाठी हवा, पाणी आणि किरणोत्सर्गापासूनचे कवच सोबत न्यावे लागेल. त्यामुळे प्रवासात शून्य आणि कक्षेतील धक्क्यावर आपल्या हमालासकट पन्नास, ही वाटणी मला अधिक खरी वाटते.