बारावीनंतर बावीस वर्षांनी

प्रश्न : मी चाळीस वर्षांची आहे. अकोल्यात बारावी झाले आणि त्याच वर्षी लग्न होऊन इंदूरला आले. आठ वर्षांपासून एका बालवाडीत मदतनीस आहे. बी.ए. करून शिक्षिका व्हावे असे फार वाटते. पण सासूबाईंचे गुडघे, मुलीचे दहावीचे वर्ष, हिंदी माध्यम आणि माझे वय! घरात विषय काढला तेव्हा मुलगी हसली आणि हे काहीच बोलले नाहीत. विचार सोडून द्यावा का?
– एक वाचक, सुदामा नगर

ताई, सप्रेम नमस्कार.

विचार मुळीच सोडू नका. वयाची शंका आधी बाजूला काढते, कारण इग्नूच्या, म्हणजे घरी अभ्यास करून पदवी देणाऱ्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, बी.ए.ला कमाल वयाची अटच नाही. खरी अडचण वेळेची आहे आणि तिच्याविषयी तुम्ही घरात अजून बोललेल्या दिसत नाही. ‘मी शिकू का?’ एवढेच विचारून थांबू नका. रात्री साडेआठ ते दहा मी पुस्तक घेऊन बसेन, त्या वेळात सासूबाईंचा शेक आणि मागची आवराआवर तुम्ही दोघांनी बघावी, अशी ठरावीक मागणी यजमानांसमोर ठेवा. आपण नेमके काय करायचे हे न कळल्यामुळेही माणूस गप्प बसतो. नकार आलाच, तर तो निदान शब्दांत येईल आणि मग त्यावर बोलता येईल.

माझ्या थोरल्या वहिनींनी पस्तिशीनंतर स्वाध्यायी म्हणून, म्हणजे महाविद्यालयात न जाता घरी अभ्यास करून, पदवी परीक्षा दिली. त्यांची वही ओट्याशेजारच्या खिळ्याला पिशवीत लटकलेली असे आणि कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता त्या मुद्दे घोकत. त्या वहीच्या कोपऱ्यांवर हळदीच्या बोटांचे ठसे अजून आहेत. पहिल्या पेपरला दारावरच्या माणसाने ‘पालकांनी बाहेर थांबा’ म्हणून त्यांना अडवले. वहिनींनी प्रवेशपत्र दाखवले आणि त्या आत गेल्या, पण पहिली दहा मिनिटे हात थरथरत होता, असे त्या सांगतात. असे प्रसंग तुमच्याही वाट्याला येतील आणि ते बोचतील, हे मी लपवणार नाही.

बालवाडी सांभाळून मोती तबेल्याच्या कन्या महाविद्यालयात रोज जाणे जमणारे नाही, म्हणून इग्नू सुचवते. तिथे प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांना मिळतो, परीक्षा जून व डिसेंबरमध्ये असतात आणि ३ वर्षांची पदवी पूर्ण करायला ६ वर्षांपर्यंत मुदत असते. त्यामुळे मुलीच्या बोर्डाच्या वर्षी दोन पेपर मागे ठेवले तरी बिघडत नाही. सत्रीय कार्य, म्हणजे घरी लिहून जमा करायच्या प्रश्नांची उत्तरे, मात्र वेळेत द्यावेच लागते.

हिंदीची भीती मला समजते. तुमचे बोलणे आणि वाचणे अडत नसणार; अडेल ते लिहिताना, कारण आपले ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी असते आणि हिंदीत ते स्त्रीलिंगी होते, आणि अशी चूक ओळीओळीला होते. रोज एक पान हिंदीत लिहा आणि तपासायला मुलीकडे द्या. तिच्या हातात लाल पेन आले की तिचे हसणे आपोआप थांबेल, असे मला मनापासून वाटते.

शिक्षिका होण्याविषयी एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठी बी.एड. ग्राह्य नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला आहे. त्या वर्गांसाठी डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षणातली पदविका, लागते आणि तिचा प्रवेश बारावीवर होतो. सहावीपासून पुढे शिकवायचे असेल तर पदवी लागतेच. कोणत्या वयाच्या मुलांमध्ये तुमचा जीव रमतो, हे बालवाडीतल्या आठ वर्षांनी तुम्हाला सांगितले असेलच. त्यावरून क्रम ठरवा. पदवी स्वतःसाठीच हवी असेल, तर तेही कारण पुरेसे आहे.

या आठवड्यात बारावीची गुणपत्रिका शोधून काढा. तिच्यावर माहेरचे नाव असेल आणि आधार कार्डावर सासरचे, आणि नेमक्या याच फरकावर ऑनलाइन अर्ज अडतो. दोन्ही कागद आणि विवाह प्रमाणपत्र घेऊन इग्नूच्या अध्ययन केंद्रावर मुदतीच्या पुष्कळ आधी जा आणि कोणत्या नावाने अर्ज भरायचा ते विचारून घ्या. जाताना यजमानांना बरोबर न्या.