मेलमध्ये ‘बॉम्ब’ लिहिलं की हेर गोंधळतात?

प्रश्न: ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये म्हणे अशी एक कमांड आहे की ती दिली की मेलमध्ये आपोआप हेरगिरी, स्फोटकं असले शब्द येऊन पडतात आणि अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेचे कॉम्प्युटर चक्रावतात. खरंच चालतं का हे?

उत्तर: कमांड आहे, तिचं नाव स्पूक. मेल लिहिताना एम-एक्स (बहुतेक कीबोर्डवर ऑल्ट आणि एक्स एकत्र) दाबून स्पूक (spook) टाइप करा आणि एंटर मारा, एका फाइलमधून वाटेल ते शब्द उचलून मेलमध्ये एक ओळ येते, डीफॉल्ट 15 शब्द किंवा शब्दसमूह. कल्पना अशी की सगळ्यांनीच हे केलं तर शब्द बघून मेल उपसणाऱ्यांच्या हाती नुसता कचरा लागेल. मला ही कल्पना मनापासून आवडते, कारण त्यात निषेध आहे आणि तो कुणालाही घरबसल्या करता येतो.

पण ती फाइल सगळ्यांना उघड आहे ना, मग तेवढे शब्द वजा करणं काय अवघड, आणि क्रियापद नसलेली शब्दांची माळ तर मशीनला लगेच ओळखू येते. 2013 मध्ये एडवर्ड स्नोडेनने फोडलेली एनएसएच्या पाळतीची कागदपत्रं बाहेर आली त्याच वर्षी बेन ग्रॉसर या कलाकाराने जीमेलसाठी स्केअरमेल नावाचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, केलं, ते प्रत्येक मेलखाली वेगळीच निरर्थक गोष्ट रचून त्यात हे शब्द पेरतं. हे जास्त हुशारीचं, कारण तेच ते काही सापडत नाही.

आता खरी अडचण. अमेरिकेतल्या सेक्शन 702 खाली, म्हणजे परदेशी लोकांचे मेल-फोन तपासू देणाऱ्या कायद्याच्या कलमाखाली, चालणाऱ्या पाळतीवर तिथल्या प्रायव्हसी बोर्डाचा, म्हणजे खासगीपणावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी मंडळाचा, 2014 चा अहवाल आहे, त्यात स्पष्ट म्हटलंय की सिलेक्टर म्हणून, म्हणजे काय गोळा करायचं ते ठरवणारी खूण म्हणून, ईमेल पत्ता, फोन नंबर असलं काहीतरी लागतं, ‘बॉम्ब’सारखा शब्द चालत नाही. म्हणजे निदान तिथे तरी नेम माणसावर धरलेला असतो, आणि तुम्ही कुणाला कधी मेल केला हा मेटाडेटा तर कितीही शब्द पेरले तरी जसाच्या तसा राहतो.

मजकूर लपवायचाच असेल तर पीजीपी वापरा, मेलचा मजकूर कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारा हा प्रोग्राम 1991 पासून आहे. मात्र त्यातही पत्ते उघडेच राहतात आणि सब्जेक्टही बहुतेक वेळा, तेव्हा नाजूक गोष्ट सब्जेक्टमध्ये लिहू नका. स्पूक मित्रांच्या मेलमध्ये जरूर वापरा, पण नोकरीच्या अर्जाला वगैरे लावू नका, स्पॅममध्ये गेला तर समोरच्याला दिसणारच नाही.